डायरेक्ट ड्राइव्ह नाही घेतला तर पैसे पाण्यात? काहीही!

दहिसरचा_दुचाकीस्वार

परवा एका सायकल ग्रुपवर कुणा स्वयंघोषित कोचची पोस्ट फिरत होती. सारांश असा: मुंबईत पावसाळ्यात रस्त्यावर सायकल काढणारे वेडे; घरात एका जागी चालवायची तर डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनरच घ्या, म्हणजे मागचं चाक काढून सायकल ज्याच्यावर चढवतात आणि ज्याचा जडपणा अ‍ॅपवरून ठरतो ते यंत्र; मागचं चाक रोलरवर टेकवायचे ट्रेनर म्हणजे पैसे पाण्यात; आणि वॉट, म्हणजे पायाचा जोर, मोजत नसाल तर तुम्ही नुसता घाम गाळताय. खाली सगळे 'सर, लिंक द्या ना'. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो कोचसाहेब, तुमचं ऐकणारे आहेत कोण? अंधेरीत ऑफिस, रविवारी आरे नाहीतर येऊर, जमलं तर वर्षातून एखादी 200 ची बीआरएम, म्हणजे ठराविक वेळेत पुरी करायची 200 किलोमीटरची राइड. या माणसाला जून ते सप्टेंबर पाय चालू ठेवायचेत, बास. त्याला चाक टेकवायचाच साधा फ्लुइड ट्रेनर, म्हणजे आतल्या द्रवाने जडपणा देणारा, पुरतो. जोरात मारलं की आपोआप जड होतो, वायर नाही, अ‍ॅप नाही, महिन्याची वर्गणी नाही. चुंबकाने जडपणा देणारा मॅग्नेटिक आणखी स्वस्त, पण तो आवाज जास्त करतो.

बरं, सायकल कुठली हे तरी विचाराल? आपल्याकडच्या कितीतरी हायब्रिड सायकलींना मागे आट्यांवर बसणारा 7 स्पीडचा फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा, असतो. डायरेक्ट ड्राइव्हला लागते कॅसेट, म्हणजे आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवायचा गठ्ठा. फ्रीव्हील तिथे चढतच नाही. म्हणजे कॅसेट वेगळी घ्या, उरलेली जागा भरायला स्पेसर वेगळा घ्या. पोस्टमध्ये यावर एक ओळ नाही.

आणि पंखा! पेडलवर 150 वॉट निघतात तेव्हा अंगातून त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता बाहेर पडते. रस्त्यावर ती वाऱ्याने जाते. जुलैतल्या कोंदट हवेत बंद खोलीत घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. आधी दणदणीत पंखा घ्या, मग ट्रेनरचं बघू.

वॅटवेडा

कोचची भाषा उर्मट होती, ते सोडा. मुद्दा बरोबर आहे.

चाक टेकवायचा ट्रेनर मी वापरलाय. रोज टायरमध्ये हवा तेवढीच हवी, रोलरचा दाब तेवढाच हवा, दहा मिनिटं गरम झाल्याशिवाय आकडे स्थिर होत नाहीत. फ्लुइड तर तापला की जडपणाच बदलतो. काल 160 वॉट सोपे गेले आणि आज जीव गेला, तर दोष पायाचा की टायरचा? शिवाय मागचा टायर घासून त्याची काळी पूड लादीवर पडते. एकदा पांढऱ्या मोज्यांनी तिथून चालून बघा. मग ट्रेनरचा वेगळा टायर घ्या, रविवारी बाहेर जायचं तर तो उतरवा, सोमवारी परत चढवा. स्वस्त म्हणे.

ज्याला 7:40 ची फास्ट पकडायची आहे त्याच्याकडे पाऊण तास असतो. स्मार्ट ट्रेनरला सांगायचं, 180 वॉट धर. तुम्ही पाय हळू मारा की जोरात, तो 180 धरतो. टंगळमंगळ बंद. वर्गणीचं रडगाणंही जुनं झालं, मायवूश हे अ‍ॅप फुकट आहे. 2020 पासून घरातल्या सायकलिंगच्या जागतिक स्पर्धा यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना भरवते आणि आपण अजून 'हे खरं सायकलिंग का' करत बसलोय.

आणि सायकल कुठली म्हणाल तर, मागच्या एक्सलला नट असेल तिथे खरी पंचाईत तुमच्याच लाडक्या ट्रेनरवर आहे. एक्सलची टोकं पकडणारे त्याचे कप साध्या नटावर नीट बसत नाहीत, वेगळे नट शोधत फिरावं लागतं. डायरेक्ट ड्राइव्हला मागचं चाकच काढायचं असतं. फ्रेमच्या मागच्या फाट्यांमधलं अंतर 130 किंवा 135 मिलीमीटर असलं की झालं.

पॅनियर_काका

तुम्ही दोघंही हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून पेडल मारा. आम्ही पावसात कसारा घाट चढतो. मडगार्ड लावा, साखळीला ओल्या हवामानाचं तेल घाला आणि निघा. सायकल काय मिठाची आहे?

खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. सी लिंकवर सायकल नाही. ईस्टर्न फ्रीवेवर नाही. अटल सेतूवर नाही. 2024 मध्ये कोस्टल रोड उघडला, तिथेही नाही. आमच्याच कराच्या पैशातून बांधायचं आणि आम्हालाच बंदी. एवढ्या रस्त्यांना एक एक मार्गिका सायकलला दिली असती तर हा धागा निघाला नसता.

दहिसरचा_दुचाकीस्वार

काका, मार्गिका दिली असती तर तिच्यात रिक्षा उभ्या राहिल्या असत्या. विषय ट्रेनरचा आहे.

ठाण्याची_तेजतर्रार

काका, कसारा घाट तुम्हाला लखलाभ. मी गेल्या पावसात फ्लायओव्हरच्या लोखंडी सांध्यावरून तिरकी गेले. सांधा ओला, टायर सुळकन सरकला आणि कॉलरबोन मोडलं. मागे बस नव्हती म्हणून आज टाइप करतेय. पाण्याखाली खड्डा आहे, पेव्हर ब्लॉक उखडलाय की मॅनहोलचं झाकण गेलंय, हे चष्मा पुसत कसं कळणार? गुडघाभर पाण्यातून गेलं की लेप्टोच्या तापावरच्या प्रतिबंधक गोळ्या घ्यायला पालिकाच सांगते. 'मिठाची आहे का' हे घरी बसून म्हणायला छान वाटतं.

पॅनियर_काका

मी घरी बसून म्हणत नाही हो, तोच तर मुद्दा आहे. पण हाड मोडलेल्या माणसाशी वाद घालत नाही. काळजी घ्या.

रात्रपाळी

मी सायकल चालवत नाही. धागा दिसला म्हणून राहवलं नाही.

मी नर्स आहे, मुलुंडला राहते. रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी येते, नऊला डोळा लागतो. आणि बरोब्बर तेव्हाच वरच्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांचं ते यंत्र सुरू करतात. आवाज म्हणावा असाही नाही. छतातून घूंऽऽ उतरतं आणि माझ्या मांडणीवरची वाटी शेजारच्या वाटीला लागून किणकिणायला लागते. उठून वाटी सरकवते, तर झाकणं सुरू होतात. वर सांगायला गेले. म्हणाले, 'मॅडम, हा डायरेक्ट ड्राइव्ह आहे, सायलेंट आहे, कंपनीनेच लिहिलंय.' माझ्या वाट्यांनी ते वाचलेलं नाही.

तुमच्या या एवढ्या मोठ्या चर्चेत खालच्या मजल्यावर माणसं राहतात हे एकाच्याही लक्षात आलं नाही, याची गंमत वाटली.

वॅटवेडा

ताई, तुमच्या झोपेबद्दल सहानुभूती आहे. पण डायरेक्ट ड्राइव्हचा आवाज खरंच पंख्यापेक्षा कमी असतो. वर वॉशिंग मशीन असेल, मुलं उड्या मारत असतील. सायकलवाल्याला दोष देणं सोपं असतं. इमारतीत सकाळी मिक्सर चालतात, त्याचं कुणी काही बोलत नाही.

रात्रपाळी

मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि चटणी होते. तुमच्या तासाभराचं काय होतं?

दहिसरचा_दुचाकीस्वार

😂 वॉट होतात, ताई.

वॅटवेडा

हसा. मी सभ्यपणे मुद्दा मांडतोय आणि इथे चटणीचे विनोद चाललेत. धागाकर्त्यालाच धागा हायजॅक झालेला आवडत असेल तर आपला रामराम.

स्लॅब_बीम

रामराम घेण्याआधी हे वाचा. बांधकामातला माणूस आहे.

दोघंही बरोबर आहात आणि म्हणूनच भांडताय. हवेतून जाणारा आवाज वेगळा आणि स्लॅबमधून जाणारी कंपनं वेगळी. कंपनीचा 'सायलेंट' हवेतल्या आवाजाबद्दल असतो. खोलीत बसलेल्याला पंखाच मोठा वाटणार. पण फ्लायव्हील, म्हणजे ट्रेनरमधलं जड फिरतं चाक, आणि पेडलचे ठोके ट्रेनरच्या पायांतून थेट स्लॅबमध्ये उतरतात, आणि खालच्या घराला स्लॅब म्हणजे ढोलकीचं कातडं. उलट चाक टेकवायचा ट्रेनर वर राहणाऱ्याच्या कानाला जास्त किंचाळतो.

उपाय: खोलीच्या मध्यभागी मांडू नका, स्लॅब तिथेच सर्वांत जास्त हलतो. खाली बीम असेल अशा भिंतीलगत, शक्यतो कॉलमजवळ ठेवा. पातळ योगा मॅटने लादी वाचते, कंपनं थांबत नाहीत. जाड रबर घाला. नाहीतर प्लायवूडच्या दोन फळ्या घ्या, खालच्या फळीत भोकं पाडून टेनिस बॉल बसवा, वर दुसरी फळी आणि तिच्यावर ट्रेनर. थोडं डुलतं, पण खाली कमी पोचतं. आणि एकदा बायकोला सायकलवर बसवून स्वतः खालच्यांच्या घरी जाऊन ऐका. बहुतेकांनी हे कधी केलेलं नसतं.

ठाण्याची_तेजतर्रार

बायकोला बसवून? सायकल बायकोची असू शकत नाही का? असो. टेनिस बॉलची फळी मी केलीय, चालते. बॉल वर्षभरात चपटे होतात, बदलत राहायचे.

नाइलाजाने_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीत हेच प्रकरण माझ्या टेबलावर आहे, म्हणून सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 45. पहाटे पाचला ट्रेनर सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि विषय निघालाच आहे तर, लिफ्टमधून ओल्या टायरची सायकल नेणाऱ्यांनी निदान लादी पुसावी. मागच्या सभेत दीड तास यावर गेला. पाण्याच्या टाकीचा विषय शेवटी राहूनच गेला.

वॅटवेडा

सेक्रेटरीसाहेब, ती मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे. एखाद्याच्या मांडणीतल्या वाटीची नव्हे. तुमच्या इमारतीसमोरच्या रस्त्यावर एकदा मीटर धरा, नुसत्या हॉर्नने 55 ओलांडेल. तिथे पत्र कुणाला पाठवणार?

नाइलाजाने_सेक्रेटरी

नियम सांगितला. पाळायचा की वाकवायचा ते सदस्यांनी ठरवावं. नेहमी तेच ठरवतात.

रात्रपाळी

मला नियम नको होता हो. मी फक्त म्हटलं होतं, नऊऐवजी संध्याकाळी सातला चालवा, मी तेव्हा ड्यूटीवर निघालेली असते. 'संध्याकाळी मोटिव्हेशन राहत नाही' असं उत्तर आलं.

वॅटवेडा

हे मात्र त्याचं चुकलं. वेळ बदलायला काय झालं? एवढं लाखाच्या घरातलं यंत्र घेतलं की संध्याकाळीही तेवढेच वॉट निघतात.

रात्रपाळी

अखेर! स्क्रीनशॉट घेऊन वर दाखवू का?

वॅटवेडा

दाखवा. फक्त वॉटबद्दलचं वाक्य कापू नका.

गिरगाव_तिसरा_माळा

तुम्ही स्लॅबवाले नशीबवान. आमची चाळ, जमीन लाकडी. ट्रेनर लावला तर खालच्या माळ्यावर भूकंप. म्हणून मी गॅलरीत रोलर लावतो, ते तीन ड्रमवाले, ज्यांच्यावर सायकल बांधलेली नसते. आवाज होतोच, पण समोरचे जोशी आजोबा रोज 'आज पडतो का' म्हणून खुर्ची टाकून बसतात, त्यामुळे तक्रार येत नाही. रोलरने तोल सुधारतो. वॉट-बिट माहीत नाहीत.

दहिसरचा_दुचाकीस्वार

रोलरवर उभं राहून जोर काढता येत नाही, पण आजोबांसाठी तरी सोडू नका.

नुसतं_विचारतोय

मी इथे ट्रेनर कुठला घ्यावा ते बघायला आलो होतो. चटणी, सी लिंक, लिफ्ट आणि आजोबा एवढं समजलं. कुणी सरळ सांगेल का? मुलुंड, चौथा मजला, वन बीएचके. हायब्रिड, मागे 7 स्पीड, एक्सलला नट. हिवाळ्यात पहिली 200 ची बीआरएम करायची आहे.

रात्रपाळी

मुलुंड पूर्व की पश्चिम?

नुसतं_विचारतोय

पूर्व. का?

रात्रपाळी

मग घ्या कुठलाही.

वॅटवेडा

200 ला साडेतेरा तास मिळतात. त्यासाठी जागतिक स्पर्धेचं यंत्र लागत नाही हे मी लिहून देतो, धागाकर्त्याने फ्रेम करून लावावं. पण पुढे रोड बाइक घेणार असाल तर आत्ताच डायरेक्ट ड्राइव्ह घ्या, नाहीतर वर्षभरात दुसऱ्यांदा खर्च कराल. हायब्रिडवरच राहणार असाल तर मॅग्नेटिक नको, फ्लुइड. आणि घेण्याआधी मागच्या नटाचा फोटो इथे टाका.

दहिसरचा_दुचाकीस्वार

फ्लुइड म्हणाले! तारीख नोंदवा रे कुणीतरी.

नटाचं त्यांचं खरं आहे, दुकानात सायकल घेऊनच जा आणि तिथेच चढवून बघा. आमच्या इथल्या एका दुकानदाराने मित्राला 'सगळ्या सायकलींना चालतो' म्हणून दिला, चढला नाही आणि परत घ्यायला तयार नाही. उद्या क्विक रिलीजची, म्हणजे नटाऐवजी खटक्याने चाक निघणारी, सायकल घेतलीत तर एक्सलमधून आरपार जाणारा दांडा, म्हणजे स्क्यूअर, ट्रेनरसोबतचा स्टीलचाच लावा, स्वतःचा हलका नको. हँडलवर टॉवेल टाका. टेपखाली घाम मुरून ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट गंजतात, मुंबईच्या दमट हवेत तर बघायलाच नको. पंख्याचं वर लिहिलंय, ते परत वाचा.

नुसतं_विचारतोय

नटाचा फोटो टाकलाय. गंज चढलाय, तेवढं समजून घ्या.

पॅनियर_काका

मडगार्ड लावला असता तर चढला नसता.