बारसूच्या सड्याला कोणत्या कायद्याचे संरक्षण आहे?

प्रश्न : राजापूर तालुक्यातील बारसूची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली, तरीही २०२३ मध्ये तेथील सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या मोकळ्या पठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण कसे होऊ शकले?

उत्तर १ : ती यादी म्हणजे नामांकनाची पूर्वतयारी. कायद्याचे बळ मिळते ते केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याखाली स्थळ संरक्षित घोषित झाल्यावरच. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीही बांधकामास सरसकट मनाई असते ती १०० मीटरपर्यंत.

उत्तर २ : म्हणूनच चित्राभोवती कुंपण घालून भागणार नाही, असे मी आग्रहाने म्हणेन. बारसूच्या शिल्पातला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस ज्या मोकळ्या कातळावर कोरला आहे, तेथे चहूबाजूंनी टाक्या आणि धुराडी उभी राहिली, तर शिल्प उरेल, पण ते कोरणाऱ्यांनी पाहिलेला भूभाग पुसला जाईल.

उत्तर ३ : सहमत. शिवाय सड्याला पडीक ठरवणे मुळातच चूक आहे. पावसाळ्यात जांभ्याच्या खळग्यांत सीतेची आसवे ही रानफुले फुलतात आणि तेथेच मुरलेले पाणी उतारावरच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. नामांकनाच्या नकाशात संपूर्ण सडाच दाखवावा, अशी लेखी मागणी ग्रामसभांनी पुरातत्त्व विभागाकडे करावी.