मदत हवी आहे: प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालतो, कॉम्प्युटरवरून मात्र उघडतच नाही

नमस्कार मंडळी,

विंडोज ११ वर एक जुना प्रोग्राम सुरू होत नाहीये. ध्वनिमुद्रणांची सूची ठेवायचा छोटा प्रोग्राम आहे, डॉट नेट फ्रेमवर्कवर (प्रोग्राम चालवायचा मायक्रोसॉफ्टचा पाया) बनवलेला. इन्स्टॉल करावा लागत नाही. झिप डाउनलोड करून एक्स्ट्रॅक्ट करायची आणि आतली ईएक्सई चालवायची. माझ्या सगळ्या नोंदी याच्याच फॉरमॅटमध्ये आहेत आणि ती फाइल दुसऱ्या कशात उघडत नाही, त्यामुळे दुसरा प्रोग्राम सुचवून उपयोग नाही.

डबल क्लिक केलं की कर्सरशेजारी गोल फिरतं, टास्क मॅनेजरमध्ये नाव क्षणभर चमकतं आणि जातं. ना विंडो, ना एरर मेसेज.

सुरुवातीला स्मार्टस्क्रीनची निळी सूचना येत होती. ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन खालच्या 'अनब्लॉक'वर टिक केली, तेव्हापासून सूचना बंद झाली, पण प्रोग्राम काही उघडला नाही. ॲडमिन म्हणून चालवून पाहिलं, कंपॅटिबिलिटी मोड बदलून पाहिला. स्मार्ट ॲप कंट्रोल बंदच आहे. डिफेंडरच्या हिस्ट्रीत काही अडवल्याची नोंद नाही.

आता खरी गंमत. तोच फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर टाकला आणि तिथून चालवला, तर लगेच उघडतो! कॉम्प्युटर तोच, लॉगिन तेच. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये 'डॉट नेट रनटाइम'ची १०२६ नंबरची एरर आहे, आत फाइल लोड न झाल्याचा उल्लेख आणि ८०१३१५१५ वर संपणारा कोड.

अँटिव्हायरस बंद करा, सगळी सिक्युरिटी काढून टाका, असे सल्ले कृपया देऊ नका. या कॉम्प्युटरवर बँकेची कामंही होतात. नेमकं काय आडवं येतंय ते कळलं तर तेवढंच सोडवायचं आहे.

प्रतिसाद

कोड आणि पेनड्राइव्ह, दोन्ही दिलेत हे फार बरं केलंत. सिक्युरिटीचं एकही सेटिंग बदलायची गरज नाही.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज 'ही बाहेरून आली आहे' असा शिक्का मारतं. झिपवर शिक्का असेल आणि ती विंडोजच्याच 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'ने उघडली, तर तो आतल्या फाइलींवरही उतरतो. तुम्ही फक्त ईएक्सईचा शिक्का काढलात. शेजारच्या डीएलएल फाइलींवर (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडच्या जोडफाइली) तो तसाच आहे. प्रोग्राम सुरू होताना बहुधा प्लगिन (जादा सोय देणारा जोडभाग) म्हणून त्यातली एखादी डीएलएल मागतो, डॉट नेट फ्रेमवर्क शिक्का बघून ती लोड करायला नकार देतं आणि प्रोग्राम तिथेच बसतो. ८०१३१५१५ हा त्याच नकाराचा कोड. डिफेंडरचा यात हातच नाही, मग हिस्ट्रीत नोंद कुठून येणार?

पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम (फाइली साठवायची पद्धत) बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल. शिक्का फाइलला जोडलेल्या वेगळ्या प्रवाहात साठवलेला असतो आणि ती सोय कॉम्प्युटरच्या डिस्कवरच्या एनटीएफएसमध्ये आहे, या दोघांत नाही. कॉपी करताना शिक्का गळून पडला, म्हणून तिथून चालतो.

आधी झिप ही प्रोग्राम बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरची आहे ना ते बघा. तिथे एसएचए-२५६ (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा ठसा) दिला असेल तर जुळवून घ्या. ही पायरी गाळू नका, कारण शिक्का काढणं म्हणजे फाइलची हमी तुम्ही घेणं. मग एक्स्ट्रॅक्ट करण्याआधी झिपच्याच प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करा आणि नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करा. जुन्या फोल्डरवर ओतू नका.

कोणी कॉन्फिग फाइलमध्ये 'लोड फ्रॉम रिमोट सोर्सेस' चालू करा म्हणेल. त्यानेही चालेल, पण पुढे कुठलीही शिक्का असलेली डीएलएल त्या प्रोग्राममध्ये बिनविरोध शिरेल. मी तरी करणार नाही.

धागाकर्ता

चाललं! साइटवरचा एसएचए-२५६ जुळला, झिप अनब्लॉक करून नव्या फोल्डरमध्ये उघडली आणि पहिल्याच क्लिकला विंडो आली. प्लगिनच्या फोल्डरमधल्या जुन्या डीएलएलच्या प्रॉपर्टीज मुद्दाम पाहिल्या. प्रत्येकीवर 'अनब्लॉक'चा चौकोन होता, नव्यांवर नाही. पेनड्राइव्हही फॅट३२ निघाला. नोंदींची फाइल नीट उघडली, सगळं जागेवर आहे. मनापासून आभार.

एकच शंका: प्रोग्रामसाठी नवा प्लगिन डाउनलोड केला, तर त्याची झिपही आधी अनब्लॉक करावी लागेल ना?

प्रतिसाद

हो, प्रत्येक वेळी. आणि आधी तपासणीही.