रेकॉर्डिंगमध्ये तबला अक्षरभर मागे पडतोय

खानापूरचा पेटीवाला
मंडळाचे अभंग घरातच रेकॉर्ड करूलालोय. लॅपटॉपवर उबुंटू, रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, माइक जोडायला यूएसबी इंटरफेस. आधी पेटी घेतली, मग ती हेडफोनवर ऐकत पुतण्यानं तबला वाजवला. लावून बघतो तर तबला मागे. देवळात पोरगा कधी लय सोडत नाही, इथं मात्र मी त्याला बोललो. पीडब्ल्यू-टॉपमध्ये (उबुंटूत आवाजाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी कमांड) क्वांटम, म्हणजे एका बफरमधले आवाजाचे नमुने, १०२४ आणि रेट सेकंदाला ४८००० दिसतो. म्हणजे २१ मिलिसेकंदच की. एवढ्यानं इतका फरक?

निपाणीकर
२१ हा एका बफरचा हिशोब झाला. आवाज बाहेर जाताना थांबतो, आत येताना थांबतो, त्यात ऑडॅसिटीचा स्वतःचा बफर. ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशन, म्हणजे उशिरा आलेला ट्रॅक मागे सरकवायचा आकडा, किती ठेवलंय? मुळात तिथं उणे १३० मिलिसेकंद असतं.

खानापूरचा पेटीवाला
शून्य! कुणीतरी सांगितलं म्हणून मीच केलं होतं.

निपाणीकर
मग शून्यावरच ठेवून मोजा. फँटम (माइकला वीज देणारं बटण) बंद करा, इंटरफेसच्या आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटला जोडा, टिकटिक वाजणारा क्लिक ट्रॅक वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. झूम करून मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांच्यातलं अंतर बघा. जेवढं येईल तेवढं उणे करून भरा.

खानापूरचा पेटीवाला
१२७ मिलिसेकंद आलं! आमची लय मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे मात्रा ५०० मिलिसेकंदांची. मात्रेत तिरकिट ही चार अक्षरं बसवली तर अक्षराला १२५. बरोब्बर एक अक्षर मागे. पुतण्याला चहा-भजी देऊन मिटवलं.

पण मग हाव सुटली. क्वांटम १२८ केला, तर मधूनच करकर येतेय. कधी तासभर काही नाही, कधी सारखी.

टिळकवाडी
पीडब्ल्यू-टॉपमधला ईआरआर, म्हणजे चुका मोजणारा आकडा वाढतो का? कधी वाढतो?

खानापूरचा पेटीवाला
दोन दिवस नजर ठेवली. करंट गेला की वाढतो! पावसात आमच्याकडं करंटचा काय भरवसा. लॅपटॉप बॅटरीवर गेला की आपणच पॉवर सेव्हरवर जातो.

टिळकवाडी
तेच. प्रोसेसर हळू झाला, १२८ फ्रेमना मिळतात फक्त २.७ मिलिसेकंद, तेवढ्यात काम उरकत नाही. प्रोफाइल परफॉर्मन्सवर ठेवा. पण मुळात १२८ कशाला? पुतण्याला स्वतःचा तबला कॉम्प्युटरमधून फिरून ऐकायचाय का?

खानापूरचा पेटीवाला
नाही हो, इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला येतो.

टिळकवाडी
मग १०२४च बरा. बफर बदललात की वायर लावून परत मोजा मात्र, १२७ हा १०२४चा आकडा होता, तोच अजून येतो का बघा.

खानापूरचा पेटीवाला
वायर अजून लावलेलीच आहे. करंट आला की मोजतो.