हॅमचा (हौशी रेडिओचा) सेट मरीन व्हीएचएफवर (बोटींच्या रेडिओ चॅनलवर) चालतो का? (अमेरिका; एफसीसी, म्हणजे तिथली रेडिओ नियामक संस्था)

शिडवाला:
हॅमचं जनरल क्लास लायसन्स आहे. १४४ मेगाहर्ट्झचा मोबाइल सेट 'ओपन' केला (हॅम बँडबाहेर पाठवण्यावरची अडवणूक काढली) की १५६.८ वर (चॅनल १६, बोटींचा संकटाचा चॅनल) पाठवतो. एफएम, ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सीची हालचाल), २५ वॉट, सगळं सारखंच. मग बोटीवर दोन सेट कशाला? आणि उलट, मरीन एसएसबी (लांब पल्ल्याचा) सेट हॅम बँडवर चालेल का?

अँटेनापंत:
पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो.

बोटीवरचा ट्रान्समीटर पार्ट ८० (एफसीसीचे बोटींच्या रेडिओचे नियम) खाली प्रमाणित लागतो. बाहेरच्या बटणांनी भलतीच फ्रिक्वेन्सी भरता येईल असा सेट तिथे पासच होत नाही, आणि हॅम सेटचा तर तोच गुण. शिवाय २५ वॉटचा सेट १ वॉटवर उतरवता आला पाहिजे.

फसगत होते ती लेबलवर. हॅम सेटवरही एफसीसी आयडी असतो, पण तो बहुधा पार्ट १५ चा, म्हणजे आतल्या स्कॅनिंग रिसीव्हरपुरता. आयडी एफसीसीच्या साइटवर टाकून ग्रँट (मंजुरीचा कागद) उघडा. नियमाच्या रकान्यात ८० नसेल तर विषय संपला.

'ओपन' केलेल्या सेटचे फिल्टर १४४–१४८ साठीच जुळवलेले असतात. १५६ ला पॉवर पडते, कधी व्हीसीओ (फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट) लॉकच होत नाही, म्हणजे फ्रिक्वेन्सी स्थिर राहत नाही.

खारा वारा:
उलट बाजू सोपी, कारण पार्ट ९७ (हॅमचे नियम) मध्ये ट्रान्समीटरला प्रमाणपत्र लागत नाही, जबाबदारी लायसन्सधारकाची. अपवाद १४४ मेगाहर्ट्झखाली चालणाऱ्या बाहेरच्या अँप्लिफायरचा. एचएफवर (३० मेगाहर्ट्झखाली) स्प्युरियस, म्हणजे नको असलेलं उत्सर्जन, मुख्य सिग्नलच्या ४३ डीबी खाली हवं, म्हणजे १०० वॉटला ५ मिलिवॉट. ४० आणि ८० मीटरच्या हॅम बँडवर एलएसबी (एसएसबीची खालची बाजू) चालतं, मरीन सेटमध्ये अनेकदा फक्त यूएसबी (वरची बाजू) असतं. ते आधी बघा. सेटच्या आत हात घातलात तर मरीन बाजूचं प्रमाणपत्र गेलं असं समजा.

शिडवाला:
आणि जीव धोक्यात असेल तर?

अँटेनापंत:
तेव्हा नियम ९७.४०५ प्रमाणे हाती येईल ते साधन वापरा. पण हॅम सेटला चॅनल ७० वरचं डीएससी (डिजिटल संकट-हाक) नाही. मरीन सेटचं लाल बटण दाबलं की एमएमएसआय (बोटीचा ओळख क्रमांक) आपोआप जातो, जीपीएस जोडलेलं असेल तर जागाही. हॅम सेटवर सगळं तोंडानं सांगत बसावं लागेल. एमएमएसआय मात्र आधीच भरून ठेवा, नाहीतर ते बटण शोभेचं.

खारा वारा:
छोट्या बोटीला देशातल्या देशात व्हीएचएफसाठी स्टेशन लायसन्स नको. एसएसबी लावलात किंवा परदेशी बंदरात गेलात की ते लागतं, सोबत ऑपरेटर परमिटही. हॅम लायसन्स त्याच्या जागी चालत नाही.