सह्याद्रीतल्या मुक्कामाला मॅट कुठली: फोमची की हवेची?

कातळवाट (धागाकर्ता):
हल्ली ट्रेकला येणाऱ्या नव्या मंडळींच्या सॅकमधून फुगवायच्या मॅट निघतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सहा सेंटिमीटर जाड आहे, फोमपेक्षा उबदार असणारच." हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी लोक जास्त पैसे मोजून रात्रभर कुडकुडतात. माझं मत स्पष्ट आहे. सह्याद्रीत मुक्काम करायचा तर क्लोज्ड सेल फोमची कॅरीमॅट घ्यावी.

स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी अंगाखालचं तिचं भरण वजनाने दबून चपटं होतं. मग जमिनीच्या गारठ्यापासून पाठ वाचवायची ती मॅटनेच. मॅट उष्णता किती अडवते हे आर-व्हॅल्यूवरून कळतं. थर्मारेस्टची झी लाइट सोल ही घडीची फोम मॅट फक्त २ सेंमी जाड, पण तिची आर-व्हॅल्यू २.०. क्लायमिटची स्टॅटिक व्ही ही हवेची मॅट ६ सेंमीहून जाड, आणि आर-व्हॅल्यू १.३! फोममध्ये हवा बारीक बुडबुड्यांत कोंडलेली असते. हवेच्या मॅटच्या मोठ्या पोकळ्यांत, आपण कूस बदलली की ती इकडची तिकडे सरकते, शिवाय वरच्या कापडाकडून खालच्या कापडाकडे उष्णता प्रारणानेही जाते. जाडी बघून ऊब ठरवू नका.

आणि करवंदीचे काटे? फोमला काटा टोचला तर टोचला, झोप चालू. हवेच्या मॅटला टोचला तर रात्री दोनला तुम्ही कातळावर.

निवांत_मुक्काम:
पूर्ण असहमत. तुम्ही मुद्दाम आत उष्णता अडवणारं काहीही नसलेली मॅट तुलनेला घेतली आहे. थर्मारेस्टचीच निओएअर एक्सलाइट एनएक्सटी बघा. आर-व्हॅल्यू ४.५, वजन साधारण ३७० ग्रॅम. तुमची झी लाइट सोल ४१० ग्रॅम. म्हणजे हलकी तीच आणि उबदारही तीच.

दुसरं, तुम्ही बहुधा पाठीवर झोपता. मी कुशीवर झोपतो, वय पन्नाशीच्या पुढे. गडावरच्या एखाद्या देवळात फरशीवर २ सेंमी फोम टाकून झोपून बघा, खुबा आणि खांदा पहाटेपर्यंत ठणकत राहतात. रात्रभर तळमळलेला माणूस सकाळी निसरड्या वाटेने उतरतो तेव्हा त्याचं पाऊल चुकतं. झोपेला मी चैन मानत नाही, ती सुरक्षिततेची बाब आहे.

नळीचीवाट:
निवांत यांना +१, पण माझं कारण वेगळं. फोमची गुंडाळी सॅकमध्ये मावत नाही, बाहेर आडवी बांधावी लागते. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना अवघड टप्प्यावर ती खडकाला अडली की तोल मागे जातो. कारवीच्या रानात तर दर दहा पावलांवर अडकते. एसटीत शेजारच्याच्या तोंडावर येते ते आणखी वेगळं.

कातळवाट:
@निवांत_मुक्काम, एनएक्सटी उत्तम आहे, वाद नाही. पण तिच्या किमतीत इथे अख्ख्या ग्रुपच्या फोम मॅट येतील. पहिल्यांदा डोंगरात येणाऱ्या कॉलेजच्या पोराला मी ती घे म्हणून सांगणार नाही. आपल्याकडे हिवाळ्यात गडमाथ्यावर पारा सहसा पाच ते दहा अंशांच्या आसपास उतरतो, त्याला २.० पुरते. खुब्याचं दुखणं खरं आहे. तंबू मातीवर लावता येत असेल तर खाली वाळलेलं गवत पसरा, बराच फरक पडतो. गुहेत मात्र उपाय नाही, तिथे दोन फोम एकावर एक.

@नळीचीवाट, गुंडाळी आडवी बांधूच नका. उभी बांधा, किंवा मॅट १२० सेंमीवर कापा. खांद्यापासून मांडीपर्यंत फोम आणि पायाखाली रिकामी सॅक, एवढ्याने भागतं. कापलेली मॅट सॅकच्या आत कडेने गोल लावली की सॅकला आकारही येतो.

रानभूल:
इथे सगळे "फोम" म्हणताय, पण कुठला ते कोणीच सांगत नाही. बाजारात काही शे रुपयांत मिळते ती बहुतेक वेळा ईपीई, म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तसला फोम. थोड्याच मुक्कामांत दबून पापड होतो, आणि त्याचे पांढरे तुकडे गडावर सांडतात. गुहांच्या कोपऱ्यांतून, टाक्यांच्या काठांवरून मी ते वेचले आहेत. पाण्यात तरंगतात, वाऱ्याने दरीत उडतात, कुजत तर नाहीतच. कातळवाट, तुमचा सल्ला वाचून शंभर जण हीच मॅट घेतील, म्हणून राग येतो. फोम घ्यायचा तर ईव्हीए किंवा एक्सएलपीई, म्हणजे सहज न दबणारे दाट फोम. दुकानात अंगठ्याने जोरात दाबा. खळगा लगेच भरून आला नाही तर ठेवून द्या. कडेला नख लावल्यावर कण सुटत असतील तर हातही लावू नका.

कातळवाट:
रानभूल, हे धाग्यातच हवं होतं, वर जोडतो. मला ईव्हीए-एक्सएलपीईच अभिप्रेत आहे. पण फुटलेली हवेची मॅट गडावर टाकून जाणारेही आहेत, कचऱ्याचा दोष एकट्या फोमला नको.

रानभूल:
आहेत. पण ती एक वस्तू असते, उचलून आणता येते. हजार कण कसे उचलणार?

पहिला_बर्फ:
मध्येच विचारतो. डिसेंबरअखेर उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर ठरलंय, साधारण १२,५०० फूट. ईव्हीए मॅट आहे, पुरेल का?

निवांत_मुक्काम:
बर्फावर एकटी नाही पुरणार. तिथे आर-व्हॅल्यू ४ च्या पुढे हवी. आयोजक तंबूत मॅट देतात का, कसली देतात, हे आधी विचारा. देत असतील तर तुमची त्यावर टाका. आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, २ आणि २ मिळून ४. हवेची मॅट घेणार असाल तरी फोम सोबत ठेवा. थंडीत आतली हवा आकसून मॅट पहाटे ढिली पडते, आणि तोंडाने फुगवली तर श्वासातली वाफ आत गोठते, म्हणून पंपासारखी हवा भरायची पिशवी वापरा.

कातळवाट:
म्हणजे बर्फात तुम्हालाही फोम लागतोच!

निवांत_मुक्काम:
जोडीला, हो. सह्याद्रीत मात्र मी माझीच फुगवणार.