अभंगाला इतिहासाचा पुरावा मानावं का?

भीमाकाठ:
मध्ययुगातला महाराष्ट्र समजून घ्यायचा तर बखरींच्या आधी संतांना वाचावं, असं माझं ठाम मत आहे. तुकोबा सांगतात, ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. 1630 चा दुष्काळ देहूच्या एका वाण्याच्या घरात कसा शिरला, ते एवढ्यात कळतं. आधी पैसा गेला, मग पत, मग घरचं माणूस.

दप्तरप्रेमी:
सहमत नाही. शाहजहानच्या दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीने हा दुष्काळ नोंदवलाय, म्हणून आपण साल सांगू शकतो. नुसत्या अभंगावरून सांगता आलं असतं का? शिवाय गाथा पाठांतरातून आणि नकलांतून आली, पाठभेद भरपूर. आणि संत गात होते विठ्ठलासाठी. स्वतःला हीनदीन म्हणवून घेणं ही भक्तीची रीतच आहे, त्यावरून समाजाचं चित्र काढू नये.

ओवीवेडी:
विठ्ठलासाठी गायले, कबूल. पण शब्द कुठून आणले? एकनाथांचं अर्जदस्त, म्हणजे सरकारी अर्जाच्या रूपातली रचना, काढून बघा. जिवाजी शेकदार, बुधाजी कारकून, परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी! सोळाव्या शतकातल्या पैठणात जीव, बुद्धी, देह समजावून सांगताना नाथांना महसुली कचेरी सुचते, मायनासुद्धा फारसी वळणाचा. शेकदार वसुलीला आला की गावात काय होतं, हे श्रोत्यांनी भोगलेलं नसतं तर हे रूपक त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. सुलतानी कारभार बोलण्यात किती मुरला होता, ते इथे दिसतं.

दप्तरप्रेमी:
भाषेपुरतं मान्य. पण कोणी किती शेतसारा भरला, ते बघायला रुमालच, म्हणजे कापडात बांधलेले दप्तरी कागदच, सोडून बघावे लागतील.

भीमाकाठ:
सोडा की! फक्त चौदाव्या शतकातल्या महार माणसाने स्वतःच्या तोंडून सांगितलेलं कुठल्या रुमालात आहे, तेही सांगा. मंगळवेढ्याचे चोखोबा आपल्या ‘जोहार’मध्ये, म्हणजे महाराने घालायच्या नमस्काराच्या अभंगात, म्हणतात, ‘बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो’.

दप्तरप्रेमी:
‘जोहार’ नाथांनीही रचलेत, महाराच्या तोंडी घालून. म्हणजे ठरलेला साचाच झाला ना?

ओवीवेडी:
मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नाथांचा महार परमार्थ सांगतो. चोखोबांच्या जोहारात शेवटपर्यंत भूकच आहे. अखेरच्या चरणात ते उष्टं न्यायला आणलेली पाटीसुद्धा पुढे करतात.