मदत हवी आहे: वाळवंटातलं नॅशनल पार्क, अर्धा दिवस, आई-बाबा सोबत (अर्जंट)

घाईत_आहे
आज रात्री १२ पर्यंत हॉटेल फुकट कॅन्सल करता येतं, त्यामुळे जरा लवकर सांगा. वेगासहून नाश्ता करून आरामात निघतोय, साडेबारा-एकला आत पोचू. हातात पाच तास. कुठले पॉइंट घ्यायचे, कुठले सोडायचे? आई-बाबांना फार चालवायचं नाहीये. बाबांना ते आपोआप सरकणारे दगड बघायचेच आहेत, त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. रात्री लोन पाइनला मुक्काम. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा प्लीज, गूगल मलाही येतं.

वाळूचा_कण
कुठलं पार्क? महिना कुठला? गाडी कुठली? आई-बाबांचं वय? कॅन्सल नक्की कुठलं हॉटेल करायचंय, वेगासचं की लोन पाइनचं?

भटक्या_सोलापूरकर
शीर्षक वाचून लिहितोय. डेझर्ट नॅशनल पार्कला अर्धा दिवस फार कमी होतो. जैसलमेरहून सम आणि खुरी दोन्ही बाजू आहेत, समला गर्दी आणि डीजे, त्यापेक्षा खुरी बरं. सुदासरीच्या बाजूला माळढोक दिसू शकतो, तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. आमच्या नान्नजला आता तो दुर्मिळच. ऑक्टोबर ते मार्च सोडून जाऊ नये. उंटवाल्याशी आधी भाव ठरवा.

घाईत_आहे
वेगास लिहिलंय ना हो वर! डेथ व्हॅली. जुलैचा दुसरा आठवडा. गाडी भाड्याची, सेदान. बाबा ७१, आई ६६. दोघं मूळचे चंद्रपूरचे, त्यामुळे उन्हाचं लेक्चर नको. बाबांनी ४७-४८ मध्ये नोकरी केलीय. मला फक्त पॉइंट्स हवेत.

हेंडरसनकर
वेगासच्या शेजारीच राहतो, पाहुणे आले की हीच फेरी असते. पॉइंट्सच सांगतो: दुपारी एक ते सहा, जुलै, यात तुमच्यासाठी एकच पॉइंट आहे आणि तो म्हणजे व्हिजिटर सेंटरचा एसी हॉल. बाकी सगळं काचेतून. दुपारी ११८-१२० फॅरनहाइट म्हणजे तिथे रोजचंच, सेल्सिअसमध्ये ४८-४९. बॅडवॉटर म्हणजे तिथली मिठाची सपाटी, तिथे गाडीतून उतरून पांढऱ्या मिठापर्यंत लोक चालत जातात, फोटो काढत काढत अर्धा मैल आत कधी गेलो ते कळत नाही, आणि परतताना सावलीचा एक ठिपकासुद्धा नसतो. सकाळी दहानंतर खालच्या भागात चालू नका, असं पार्कवाले स्वतः सांगतात.

घाईत_आहे
म्हणजे जाऊ नको असं म्हणताय. मी ते विचारलेलं नाही.

हेंडरसनकर
जा म्हणतोय. वेळ उलटी करा, एवढंच.

नागपुरी_तडका
आम्हा विदर्भवाल्यांना ऊन शिकवू नका बाप्पा. खिशात कांदा ठेवायचा, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, पन्हं प्यायचं, काहीच होत नाही. आमचा उन्हाळाही कोरडाच असतो.

ओपीडी_नंतर
कांदा खिशात ठेवून काही होत नाही. भजी केली तर निदान पोट भरतं.

नागपुरी_तडका
डॉक्टरसाहेब, आमच्या आजीने चार पिढ्या जगवल्या कांद्यावर.

वाळूचा_कण
चंद्रपूरच्या उन्हाबद्दल वाद नाही. पण मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी एकला रस्त्यावर कोण असतं? दारं-खिडक्या बंद, कूलर, पाण्याचा माठ, बाहेर पडलंच तर तोंड बांधून आणि दहा पावलांवर टपरी. बाबांनी ऊन सोसलंय, पण ते या सगळ्या बंदोबस्तात. इथे टपरी नाही, झाड नाही, बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही. रात्रीही नव्वद फॅरनहाइटच्या खाली येईलच असं नाही. घाम आला हे कळतही नाही, कातडीवर आला की लगेच उडून जातो. माणसाला वाटतं आपण ठीक आहोत.

ओपीडी_नंतर
हे शेवटचं महत्त्वाचं. आता मला हवी असलेली माहिती: बाबांना बीपी आहे का? गोळी कुठली? लघवी जास्त करवणारी असेल तर अशा उन्हात शरीरातलं पाणी आणि मीठ भराभर जातं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही. चिवडा, खारे शेंगदाणे, ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर, हे कमीत कमी. गाडी बंद पडलीच तर त्यासाठीचं वेगळं. वयस्कर माणसं तहान लागेपर्यंत पीत नाहीत, आणि 'सारखं बाथरूमला जावं लागेल' म्हणून मुद्दामही पीत नाहीत. आईंवर लक्ष ठेवा.

घाईत_आहे
बीपीची गोळी आहे, नाव बघून सांगते. आई खरंच पाणी पीत नाही प्रवासात. ठीक. पण दगडांचं सांगा ना कुणीतरी.

चारचाकी_वेडा
दगड म्हणजे रेसट्रॅक प्लाया, एक सुकलेलं तळं. सेदानने विसरा. डांबरी रस्ता युबेहिबी क्रेटरपाशी संपतो, पुढे साधारण २७ मैल खडबडीत, धारदार खडीचा रस्ता. टायर तिथे कापले जातात, पंक्चर होत नाहीत. साधी स्टेपनी असून उपयोग नाही, पूर्ण मापाची लागते आणि ती बदलता यायला लागते. एकच उपाय: पार्कातच फर्नेस क्रीकला, जिथे व्हिजिटर सेंटर आहे, भाड्याने जीप मिळते, ती घ्या. मी तर म्हणतो वेगासहूनच फोर बाय फोर घेऊन दोन दिवस राहा, टायटस कॅन्यनचा कच्चा रस्ताही करा, गाडी चालवण्याची मजा काय असते ते कळेल.

हेंडरसनकर
७१ वर्षांच्या माणसाला जुलैत टायटस कॅन्यन? उन्हाळ्यात त्या जीपवाल्यांचं दुकान उघडं असतं का ते तरी बघा आधी.

चारचाकी_वेडा
एसी असतो जीपला.

हेंडरसनकर
टायर फुटल्यावर बाहेर कोण उतरणार, एसी?

करारातलं_बारीक
कुणी बोललं नाही म्हणून. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जायला बहुतेक वेळा मनाई असते. तिथे काही झालं तर विमा हात वर करतो आणि टो करून आणायचा खर्च तुमच्या कार्डावर. आमच्या ऑफिसातल्या एकाला एका कंपनीने लावलेलं बिल मी स्वतः बघितलंय, त्यात तो वेगासला परत दोनदा येऊन गेला असता.

भूगोल_मास्तर
दगडांमागचं कारणही सांगतो. वर्षानुवर्षं लोक चुंबक, भुतं, काय वाटेल ते म्हणायचे. हिवाळ्यात त्या सुकलेल्या तळ्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, रात्री गोठतो, उन्हाने बर्फाचे पापुद्रे सुटतात आणि हलक्या वाऱ्याने ते पापुद्रे दगडांना ढकलत नेतात. २०१३ च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे जुलैत काहीही सरकणार नाही, फक्त दगड आणि मागे रेघ. शिवाय याच पार्कात डेव्हिल्स होल नावाचं एक विवर आहे, ते नेवाडात येतं, त्यातल्या कोमट पाण्यात एक इवलासा मासा राहतो, जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या सापडत नाही. तो जरूर...

घाईत_आहे
सर, मासा नको. बाबांना हे कारण वाचून दाखवलं, म्हणाले मग जुलैत जाऊन काय उपयोग. दगड रद्द. धन्यवाद.
पण आता त्यांना थर्मामीटरसमोर फोटो हवाय, १२० च्या वरचा. काय करू?

वाळूचा_कण
फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरसमोर मोठा डिजिटल थर्मामीटर आहे, सगळे तिथेच काढतात. गाडी अगदी जवळ लागते, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढ्यासाठी अख्खी दुपार घालवू नका. १९१३ च्या जुलैतला १३४ फॅरनहाइटचा जागतिक विक्रम तिथलाच. आणि बाबांना चपलेत उतरवू नका. हवेपेक्षा जमीन कितीतरी तापते, १९७२ मध्ये तिथे जमिनीचं तापमान २०१ फॅरनहाइट मोजलं होतं, म्हणजे ९४ सेल्सिअस. २०२४ च्या जुलैत मेस्कीटच्या वाळूच्या टेकड्यांवर एका बेल्जियन पर्यटकाच्या चपला निघाल्या आणि दोन्ही तळपाय भाजले, कातडी सोलून निघाली. घरच्यांनी इतर पर्यटकांच्या मदतीने उचलून गाडीपर्यंत आणलं.

चारचाकी_वेडा
हेलिकॉप्टर बोलवायचं ना. अमेरिका आहे.

वाळूचा_कण
त्याच दिवशी हेलिकॉप्टर खाली उतरू शकलं नाही. हवा इतकी तापते की विरळ होते, पंख्याला उचल मिळत नाही. त्याच महिन्यात बॅडवॉटरला उष्माघाताने एक मोटरसायकलस्वार गेला, तेव्हाही १२० च्या वर असल्याने हेलिकॉप्टर येऊ शकलं नव्हतं. ज्या तापमानाचा फोटो हवा असतो, नेमकं त्याच तापमानाला वरून मदत येत नाही.

नागपुरी_तडका
हे ऐकून मीच पन्हं प्यायलो. पण चढावर एसी बंद करा, हे कुणी सांगितलं नाही. गाडी तापते.

चारचाकी_वेडा
ते जुन्या गाड्यांचं. आता काही लागत नाही.

हेंडरसनकर
पाटी आजही लागते रस्त्यात, उगाच लावत नाहीत. लोन पाइनकडे जाताना टाउन पास लागतो, समुद्रसपाटीच्या खालून सरळ पाच हजार फुटांच्या आसपास चढता. दुपारी तीनला तिथे दोन-चार गाड्या बॉनेट उघडून उभ्या दिसतील.

ओपीडी_नंतर
आणि मागच्या सीटवर ७१ वर्षांचा माणूस असताना ११८ मध्ये एसी बंद करायचा? मी तरी करणार नाही.

हेंडरसनकर
म्हणूनच तो चढ दुपारी चढायचा नाही, असं मी केव्हापासून ओरडतोय. आता नीट लिहितो, सगळ्यांनी पाच मिनिटं गप्प बसा.

आदल्या रात्रीचं वेगासचं हॉटेल कॅन्सल करा, पाहरंप गावात राहा. तिथून फर्नेस क्रीक तासाभराचं. टाकी तिथेच पूर्ण भरा, पार्कातल्या पंपांवर भाव ऐकून बाबा तुम्हाला बोलतील. पहाटे सव्वाचारला निघा. झॅब्रिस्की पॉइंटला सूर्योदय साधारण पावणेसहाला, पार्किंगपासून छोटा चढ आहे, आईंना सावकाश जमेल. तिथून सरळ बॅडवॉटर, सातच्या आत. समुद्रसपाटीपासून २८२ फूट खाली, वर डोंगराच्या कड्यावर समुद्रसपाटीची पाटी लावलीय ती बाबांना दाखवा, त्यांना आवडेल. लाकडी फळ्यांवर उभं राहून मीठ बघायचं, आत चालत जायचं नाही. परतताना आर्टिस्ट्स ड्राइव्ह, नऊ मैलांचा एकेरी रस्ता, गाडीतूनच हिरवे-गुलाबी डोंगर दिसतात. आठ-साडेआठला व्हिजिटर सेंटर, थर्मामीटर, बाथरूम, बाटल्या भरून घेणे. नऊला निघालात तर टाउन पास वेळेत पार होतो, दुपारी लोन पाइनला जेवण.

डांटेज व्ह्यू यात बसत नाही. खरं तर सगळ्यात सुंदर तेच, साडेपाच हजार फुटांवर, खालच्यापेक्षा १५ ते २५ फॅरनहाइट अंशांनी गार. आधल्या संध्याकाळी पाहरंपला लवकर पोचलात तर सूर्यास्ताला करून परत या. शेवटचा चढ खडा आहे, रात्री सावकाश उतरा.

करारातलं_बारीक
चांगलं लिहिलंय. दोन गोष्टी जोडतो. प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतो, रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. आणि जीपीएस. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा आणि त्याने 'जवळचा रस्ता' म्हणून डांबर सोडायला सांगितलं तर ऐकू नका. १९९६ मध्ये चौघं जर्मन पर्यटक, दोन मुलं त्यात, भाड्याची मिनिव्हॅन घेऊन अशाच कच्च्या वाटेने गेले. गाडी काही महिन्यांनी मिळाली, मोठ्या माणसांचे अवशेष २००९ ला. जीपीएस नव्हतं तेव्हा, पण 'नकाशावर तर रस्ता दिसतोय' हे तेच. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं, चालत मदत आणायला जायचं नाही.

भटक्या_सोलापूरकर
आत्ता मूळ पोस्ट वाचली. पाऊस नसतो ना तिकडे? आमच्याकडे जैसलमेरलाही एकदा...

भूगोल_मास्तर
वर्षाला सरासरी दोन इंच, पण पडला की रस्ते उखडतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात वर्षाचा पाऊस झाला आणि पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर कुठले रस्ते बंद आहेत ते बघा. जुलै-ऑगस्टात दूर डोंगरात ढग दिसले तर सखल, कोरड्या ओढ्यातून गाडी घालू नका.

घाईत_आहे
वेगासची रात्र कॅन्सल केली. पाहरंप बुक झालं. बाबा पहाटे चारला उठायला तयार आहेत, तसेही उठतातच, प्रॉब्लेम माझ्या नवऱ्याचा आहे. सकाळी साडेआठला थर्मामीटर किती दाखवेल?

हेंडरसनकर
शंभरच्या आसपास. १२० नाही.

घाईत_आहे
मग बाबा म्हणतील चंद्रपूर यापेक्षा बरं. असो. गोळी लघवीचीच आहे, डॉक्टरांना उद्या फोन लावते. लोन पाइनला व्हेज जेवण कुठे मिळेल? आईला चीज चालत नाही, अंडंही नाही.

वाळूचा_कण
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि त्यात आधीच लिहा, कांदा-लसूण चालतं की नाही.

नागपुरी_तडका
कांदा चालतो. खिशातला.